दारं लावून बसलेली आळी

४ जून

चिमणे,

आशीर्वाद आहेतच, त्यांना वेगळं तिकीट लावावं लागत नाही. मामी बरी आहे, मी बरा आहे, आणि सायकल दुरुस्तीचं दुकान माझ्यावाचूनही चालतं हे गिऱ्हाइकांना कळलं आहे, मला अजून पटत नाही. नगराध्यक्ष झाल्यापासून हाताला वंगण कमी आणि शाई जास्त.

आता कामाचं. काल मुख्याधिकाऱ्यांनी एक कागद आणून पुढ्यात ठेवला. तुझ्याच ऑफिसचा, राजधानीतल्या वाटप आयोगाचा. आपलं गाव एका यादीत आहे आणि यादीचं नाव काय, तर ‘अडचणीतील लहान शहरे’. पुढच्या महिन्यात दोन माणसं येऊन गाव बघणार, आणि त्यावरून केंद्राच्या पैशातला आपला पाच वर्षांचा वाटा ठरणार.

खरं सांगू? वाचून मान खाली गेली. मी आयुष्यात कधी उधारीवर ट्यूब घेतली नाही, आणि म्हातारपणी सगळ्या गावाच्या वतीनं हात पसरायचा? मुख्याधिकारी म्हणाले, “अध्यक्ष, यादीत आहोत म्हणून तर पैसे मिळतील.” मी म्हटलं, “साहेब, घरी पाहुणा आला की तुम्ही फाटकी चादर वर घालता का?” ते गप्प बसले. शिकलेल्या माणसाला गप्प बसवलं की मला बरं वाटतं, हा माझा जुना रोग.

खालच्या आळीचं तुला ठाऊक आहे. ओढ्यापलीकडची ती घरं, आळीच्या तोंडाशी एकच नळ, आणि वरच्या रस्त्यानं मोटरी लावल्या की त्या नळाला दोऱ्याएवढी धार. पाइपलाइन ओढ्यापलीकडे नेऊन घरोघरी नळ देईन, असा शब्द मी निवडणुकीत दिला होता. तिथली शिवणवाली दिसली की विचारते, “काका, निघालं का आमचं पाणी?” मी म्हणतो, “निघालंय, वाटेत आहे.” हा वाटा नीट आला तर माझा शब्द राहील. नाही आला तर मी वाट बदलून जायला लागेन.

म्हणून विचारतो. वाढणारा ओळखीचा असला म्हणजे पंगतीत कुठेही बसावं म्हणतात. तू तर तिथेच आहेस. या लोकांना काय बघायला आवडतं?

तुझा मामा


१३ जून

मामा,

वाकून नमस्कार. तुमची उधारीची ट्यूब मी ऑफिसात वाचली आणि मोठ्यानं हसले. शेजारच्या टेबलावरचे माना वळवून बघायला लागले.

पण हात पसरणं कसलं, मामा? तुमच्या दुकानातल्या सायकलवर, मामीच्या साबणावर, शिवणवालीच्या दोऱ्यावर कर बसतो, आणि त्यातला मोठा भाग इथे राजधानीत येऊन पडतो, कारण एवढ्या मोठ्या देशात तो एका जागी गोळा करणं सोपं. खर्च मात्र तुमच्या दारात. गटार तुंबलं तर कोणी राजधानीत ओरडायला येत नाही, तुमच्याकडे येतं. घरात कमावणारा एक आणि घर चालवणारी दुसरी, तसं आहे हे. कमावणाऱ्यानं महिन्याचे पैसे घरात दिले, तर त्याला कोणी भीक म्हणतं का?

वाटणी अशी होते. केंद्रानं किती ठेवायचं आणि राज्यांना किती द्यायचं हे आधी ठरतं. मग गावं आणि लहान शहरं यांच्यासाठी एक हिस्सा बाजूला काढतात. तो देताना बघतात की गावात माणसं किती, अडचण किती, आणि गाव स्वतःची घरपट्टी कितपत वसूल करतं. घरपट्टीत तुम्ही पुढे आहातच, थकबाकीदाराच्या दारात सायकल लावून बसणारा अध्यक्ष दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. राहिली माणसं आणि अडचण. जनगणना जुनी झाली आहे, म्हणून वस्ती वाढली की घटली हेही ती दोघं डोळ्यांनी बघून लिहितात. आणि भांडं एकच आहे. एकाच्या पानात जास्त पडलं की दुसऱ्याच्या पानात कमी पडतं.

वाढपी ओळखीची असली तरी पळी माझ्या हातात नाही. आलेले अहवाल जुन्या आकड्यांशी ताडून पुढे पाठवायचे, एवढंच माझं काम.

एकच सांगते. आहे तसं दाखवा. खालच्या आळीत घेऊन जा, नळापाशी उभं करा. बाकी काही करू नका.

मामीला सांगा, तिच्या पत्राची वाट बघते आहे.

चिमणी


२० जुलै

चिमणे,

मैदान मारलं!

दोघं आले, एक चष्मेवाले गृहस्थ आणि एक बाई. पाय ठेवल्यापासून जाईपर्यंत गावानं मान ताठ ठेवली. रस्ते असे झाडलेले की बाईंना कागदाचा बोळा टाकायला जागा सापडेना, शेवटी त्यांनी तो पर्समध्ये ठेवला. शाळेचा गळका वर्ग आम्ही आदल्या दिवशीच सभागृहात हलवला होता, तेव्हा पोरं सभागृहात बसून पाढे म्हणत होती. चष्मेवाले म्हणाले, “वा, वर्ग मोठा आहे.” मी म्हटलं, “हवेशीर आहे.”

तू म्हणालीस आहे तसं दाखवा. आता आहे तसं म्हणजे काय गं? माणूस घर आवरूनच दाखवतो ना?

खालच्या आळीतही नेलं, तुझा शब्द मोडला नाही. तोंडाशीच थांबलो, ऊन फार होतं. नळ सोडून दाखवला, तर अशी धार की बाईंच्या चपला भिजल्या. निघताना चष्मेवाले मला म्हणाले, “इतकं नीटनेटकं गाव या यादीत आलं कसं?” चिमणे, हे वाक्य मी रात्री तुझ्या मामीला ऐकवलं. तिनं कूस बदलली. तिला कौतुक कळत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण आपली मूठ उघडी करून दाखवली आणि तरी सव्वा लाखाचीच निघाली.

तुझा मामा


२ ऑगस्ट

मामा,

घाईत चार ओळी. अहवाल आला. आमच्या साहेबांनी सगळ्यांसमोर तुमच्या गावाचं नाव घेतलं, म्हणाले, लहान गाव कसं ठेवावं ते यांच्याकडून शिका. शेजारच्या टेबलावरच्यांनी विचारलं, “तुझ्या मामांचं गाव ना?” मी म्हटलं, “हो.” इतक्या वर्षांत या ऑफिसात मी कुठली हे सांगताना मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

काळजी घ्या. काम फार आहे.

चिमणी


२५ ऑक्टोबर

चिमणे,

वाटे जाहीर झाले, तुला माझ्या आधी कळलं असेलच. आपल्याला मागच्या फेरीच्या निम्म्याहून कमी. मुख्याधिकाऱ्यांनी आकडा वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला, जणू काच स्वच्छ झाल्यावर आकडा वाढणार होता.

पाइपलाइन गेली. निम्म्या पैशात ती ओढ्यावरच्या पुलापर्यंतसुद्धा पोचत नाही. आणि वर कारण काय लिहिलंय? ‘अडचण अल्प, वस्तीत घट.’ घट! माझ्या गावात माणसं घटली आणि मला ठाऊक नाही! चौकात औषधवाला मला म्हणाला, “अध्यक्ष, पाहुण्यांना इतकं खूश केलंत की ते आपलं पाकीटही घेऊन गेले.” सगळी हसली. मीही हसलो, काय करणार.

मी आयोगाला अर्ज धाडला आहे. तपासणीनंतर मुख्य पंप बिघडून गावात पाण्याची टंचाई झाली, सबब फेरविचार व्हावा, असं लिहिलं आहे. तो कागद तुझ्या टेबलावर येईल. त्याला जरा पुढे सरकव.

आणि एक बोलतो, राग मानू नकोस. ज्या पोरीला मी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत पोचवलं, ती त्या ऑफिसात असताना माझ्या गावाला निम्मं ताट? लोक मला विचारतात. मी काय सांगू?

मामा


४ नोव्हेंबर

मामा,

राग मानला. मग पुसून टाकला, कारण दांडीवर बसल्याचं मला आठवतं, आणि वारा लागू नये म्हणून तुम्ही मला कोटाच्या आत घ्यायचात तेही आठवतं.

अर्ज आला. मामा, पंप बिघडला असता तर तुम्ही मला त्याच दिवशी लिहिलं असतं, पंपाच्या सात पिढ्यांना शिव्या घालून. तुम्ही लिहिलं नाहीत. हा अर्ज मी पुढे सरकवणार नाही, कारण पुढे कोणीतरी पंप बघायला येईल.

खरं काय झालं ते मला लिहा. त्या दिवशी नळाला चपला भिजवणारी धार आली कुठून? आणि वस्ती घटली असं त्या दोघांना का वाटलं?

आणखी एक विचारते, आता तुम्ही राग माना. मागच्या फेरीत तुम्हाला मोकळा पैसा मिळाला होता, कशावर खर्च करायचा ते गावानं ठरवायचं होतं. त्याचं चौकात घड्याळ झालं आणि वरच्या रस्त्यावर दिवे लागले. ओढ्यापलीकडे त्यातलं काय गेलं? आम्ही इथून गावाला देतो. गाव पुढे कोणाला देतं, हे आमच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

चिमणी


२९ नोव्हेंबर

चिमणे,

मामीचा आशीर्वाद. तुझ्या मामांना हे पत्र ठाऊक नाही. दोन ओळी लिहीन म्हणते, पण माझ्या दोन ओळी तुला ठाऊक आहेत.

तुझं पत्र आल्यापासून ते जेवायला बसतात आणि ताट चिवडून उठतात. दुकानात जाऊन चांगल्या चाकाचे आरे काढतात आणि परत बसवतात. उत्तर लिहायला घेतात, फाडतात. टोपलीतले तुकडे जोडून वाचायचा माझा स्वभाव नाही, पण सगळ्या तुकड्यांवर ‘चिमणे’ एवढंच होतं.

मला तरी कुठे ठाऊक होतं? मी शिवणवालीकडे उशांचे अभ्रे शिवायला टाकले होते. आणायला गेले तर तिनं कापड जसंच्या तसं घडी करून हातात दिलं.

मी म्हटलं, “वेळ झाला नाही का गं?”

“वेळ झाला, काकू. पण मांजराच्या घरात शिवलेलं तुम्हाला चालेल का?”

मला काही कळेना. मग तिनं दारात उभं राहूनच सांगितलं, आत या म्हणाली नाही.

पाहुणे यायच्या सकाळी हे तिथे गेले होते. प्रत्येक दारात हात जोडले म्हणे. कळश्या, बादल्या आत घ्या, दोरीवरचे कपडे काढा, पोरं आत घ्या, आणि तेवढा वेळ दारं लावून बसा, गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे. शिवणवाली म्हणाली, “काका, आमच्यासाठी येतायत ना ते? मग आम्हीच दिसायचं नाही?” हे हसले आणि म्हणाले, “पोरी, गाव चांगलं दिसलं की पाणी आपोआप येईल.” माणसं भोळी. लावली दारं. टाकीवाल्यानं वरच्या रस्त्याचे व्हॉल्व्ह बंद केले, म्हणून नळाला ती धार. तेव्हा मी वरती भांडी घासत होते आणि मध्येच पाणी गेलं म्हणून टाकीवाल्याला शिव्या देत होते.

पाहुणे आळीच्या तोंडाशी उभे. शिवणवालीचं घर पहिलंच. आत तिच्या लेकीचं तान्हं रडायला लागलं. त्या बाईंनी विचारलं, “आत कोणी आहे का?” आणि तुझे मामा म्हणाले, “मांजर असेल.”

ती दाराला पाठ लावून आत उभी होती. नातवाच्या तोंडावर पदर धरून.

चिमणे, हा माणूस वाईट नाही. रस्त्यात कोणाची चेन पडली तर हात काळे करून बसवून देतो आणि पैसे घेत नाही. पण गरिबी दिसली की याला आपलंच कोणीतरी उघडं पडल्यासारखं वाटतं, आणि हा धावत जाऊन चादर टाकतो. खाली माणूस गुदमरतोय का ते बघत नाही.

तूच काहीतरी लिही. माझं ऐकतील असं वाटत नाही, आणि मला बोलायला गेलं की रडू येतं.

तुझी मामी


६ डिसेंबर

मामा,

मला सगळं कळलं आहे. कोणी सांगितलं ते विचारू नका, आणि विचारायची गरज पडेल असं वाटत नाही. त्या माणसावर चिडू नका.

तुम्हाला बोल लावायला बसले होते. पण आधी माझं सांगते, नाहीतर पेन पुढे जायचं नाही.

तुमचा अहवाल ऑगस्टमध्ये माझ्याच टेबलावर आला होता. त्यात ओळ होती, ‘ओढ्यापलीकडील भाग : बहुतेक घरे बंद, वस्ती विरळ.’ तो जुन्या आकड्यांशी ताडून बघायचा होता, त्यासाठीच मला पगार मिळतो. मला आकडे काढायचीही गरज नव्हती. लहानपणी मी त्या आळीत रंगीत चिंध्या मागायला जायची, तिथली पोरं मला विटीदांडूत हरवायची. ती आळी रिकामी होणार नाही, झाली तर तुम्ही मला कळवाल, हे मला ठाऊक होतं. त्या ओळीखाली मी पेन्सिल टेकवली. तेवढ्यात साहेबांनी सगळ्यांसमोर तुमच्या गावाचं कौतुक केलं, आणि मी पेन्सिल उचलली.

तुम्हाला लिहिलं होतं ना, मी कुठली हे सांगताना पहिल्यांदाच बरं वाटलं? ते बरं वाटणं मला जपायचं होतं. तुम्ही दारं लावलीत, मामा, आणि मी बाहेरून कडी घातली.

काल मी हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, अहवाल ताडायचं काम उद्यापासून दुसऱ्याकडे देतो. रास्त आहे. मी आता टपाल नोंदवते.

वाट एकच आहे. महिनाअखेरपर्यंत चूक-दुरुस्तीचे अर्ज घेतात. पंपाचा अर्ज मागे घ्या. नवा अर्ज तुमच्या सहीचा हवा, त्यात त्या दिवशी काय केलं ते लिहिलेलं हवं, आणि तो गावच्या खुल्या सभेत वाचून मंजूर झालेला हवा. मिळेलच असं नाही. पण त्या आळीतली माणसं कागदावर तरी परत येतील.

रडल्याशिवाय आई पाजत नाही, असं तुम्हीच म्हणायचात. तुम्ही तर रडणाऱ्याला मांजर म्हणालात. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण खोडत नाही.

चिमणी


२७ डिसेंबर

चिमणे,

उत्तराला उशीर झाला. लाज अशी असते की ती पत्रसुद्धा लिहू देत नाही. तुझ्या मामीवर चिडलो नाही. तिच्या समोर बसून जेवलो, एवढंच जमलं.

पंपाचा अर्ज मागे घेतला. काल सभा झाली. सभागृह भरलं होतं, वरचा रस्ता खुर्च्यांवर आणि खालची आळी मागे भिंतीला टेकून. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी ती माणसं उभी राहिली. हे मी इतकी वर्षं बघत आलो आणि काल पहिल्यांदा दिसलं.

अर्ज मी स्वतः लिहिला होता. मुख्याधिकारी म्हणाले, “भाषा जरा मऊ करू या, ‘अनवधानाने काही घरे बंद राहिली’ असं.” मी म्हटलं, “साहेब, अनवधानानं नाही, हात जोडून बंद करवली.” तसंच ठेवलं. वाचायला उभा राहिलो. नळाचं वाचलं, शाळेच्या वर्गाचं वाचलं, दारांचं वाचलं. मांजराच्या ओळीवर आलो आणि आवाज गेला. पाणी प्यालो, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकलो. मागून शिवणवालीचा आवाज आला, “वाचा, काका. आम्ही ऐकलेलंच आहे.”

वाचलं.

मग गलका. औषधवाला उठला, “अध्यक्ष, जगभर लोक आपल्या गावाचं चांगलं सांगतात. तुम्ही सरकारदरबारी आपलीच लक्तरं वाळत घालणार?” दुसरा म्हणाला, “आता आपण लबाड म्हणून यादीत जाऊ.” मी म्हटलं, “लबाड मी आहे, माझीच सही आहे.” मतं घेतली. भिंतीला टेकलेल्यांनी सगळ्यांनी हात वर केले, तेव्हा कारकुनाला बाकावर चढून मोजावं लागलं. मंजूर झालं.

सभा संपल्यावर मी शिवणवालीची माफी मागायला गेलो. ती म्हणाली, “कागद गेला का ते आधी बघा.” आणि निघून गेली.

तू तुझं लिहिलंस ते वाचून मला जास्त लागलं. पोरीला मी सायकल शिकवली, पाढे शिकवले. ही गोष्ट मी न शिकवताच तू माझ्याकडून घेतलीस.

मामा


३० जानेवारी

मामा,

टपाल माझ्याच हातून जातं, म्हणून सरकारी पत्राआधी कळवते.

अर्ज मान्य झाला, पण अर्धा. ओढ्यापलीकडची माणसं पुन्हा मोजायची. तुम्ही स्वतः आणि एक कारकून घरोघर जाऊन मोजणार, आणि राज्याचा माणूस नंतर त्यातली काही घरं तपासणार. माणसं वाढली की माणसांवरचा वाटा वाढेल, पुढच्या हप्त्यापासून. अडचणीचे गुण मात्र या फेरीत बदलणार नाहीत. साहेब म्हणाले, प्रत्येक गावानं आधी हसून आणि मग रडून दाखवलं तर आम्ही पाच वर्षं हेच करत बसू. त्यांचं चूक नाही.

म्हणजे पैसा येईल तो पुलापर्यंत पाइप नेण्याएवढा. पुढचं या पाच वर्षांत नाही. मला माफ करा.

चिमणी


२६ फेब्रुवारी

चिमणे,

माफी तू कशाला मागतेस? आडात जेवढं आहे तेवढंच पोहऱ्यात येणार.

मोजणी झाली. कारकून आणि मी दारोदार फिरलो. याच दारांत मी मतं मागायला उभा राहिलो होतो, पण आत किती जण राहतात ते कधी विचारलं नव्हतं. एका दारात म्हातारबुवा बसले होते. विचारलं, “बाबा, घरात किती जण?” म्हणाले, “सात. मांजर धरून आठ.” आळीभर हशा पिकला. कारकुनालाही आवरेना, त्यानं खोकल्याचं सोंग केलं. मी सात लिहून घेतले.

शिवणवाली मशीनवर बसली होती, नातू मांडीत. पोर धिटाईनं माझ्याकडे बघत होतं. तिनं माणसं सांगितली, नावं सांगितली. मग म्हणाली, “आता तुमचं सांगा, काका. तुमच्या घरात किती?”

“दोघं.”

“नळाला पाणी किती वेळ?”

कारकून छताकडे बघायला लागला. मी म्हटलं, “दिवसभर.”

“मोटर आहे?”

“आहे.”

“हं,” म्हणाली, आणि मशीन सुरू केलं. आणखी काही बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

घरी आलो आणि तुझं नोव्हेंबरातलं पत्र काढलं. गाव पुढे कोणाला देतं, असं तू विचारलं होतंस. चिमणे, टाकी गावाची, आणि पाणी वरच्या रस्त्याचं. केंद्रानं आम्हाला कमी दिलं म्हणून मी बोंब मारली. ओढ्यापलीकडच्यांनी माझ्या नावानं तशी बोंब मारली असती, तर मी कुठल्या तोंडानं ऐकली असती?

पुढच्या सभेत ठराव मांडला. पाइपलाइन होईपर्यंत पाणी आलटून पालटून, एक दिवस वरच्या रस्त्याला आणि एक दिवस खालच्या आळीला, तेही ठरावीक वेळच. मोटरी काढायच्या, पहिली माझी. औषधवाला ओरडला, “केंद्रानं कापलं ते कमी पडलं, आता अध्यक्षही कात्री घेऊन बसले!” दोन नगरसेवक उठून गेले. ठराव एका मतानं टिकला. पुढच्या निवडणुकीत मी टिकत नाही, हे तुला लिहून ठेवतो.

आज खालच्या आळीचा पहिला दिवस. वरती नळ कोरडे. मी बादली घेऊन पूल उतरलो. खरं सांगतो, मनात होतं की कोणीतरी म्हणेल, या अध्यक्ष, पुढे या. कोणी म्हणालं नाही. रांगेच्या शेवटी उभा राहिलो. पुढे बायका आपापसात बोलत होत्या, कोणाची कळशी कशी गळते, कोणाचा नवरा पाणी भरायचं म्हटलं की कसा आजारी पडतो. मी आलो म्हणून बोलणं थांबलं नाही आणि मला त्यात घेतलंही नाही. धार चांगली जाड होती. चेहरे मात्र सणाचे नव्हते, कामाचे होते. त्यांचंच पाणी त्यांना मिळत होतं, त्यात नाचायचं काय?

माझा नंबर आला आणि पाणी गेलं. टाकीवाल्यानं वेळ पाळली. मी तोटीखाली बादली धरून तसाच उभा राहिलो, धार परत येईल अशा आशेनं, वेड्यासारखा.

शिवणवाली दोन कळश्या भरून निघाली होती. वळली, एक कळशी उतरवली आणि अर्धी माझ्या बादलीत ओतली. माझ्याकडे बघितलं नाही. “न्या,” म्हणाली, “काकूंना चहाला होईल.”

नको म्हणायचं होतं. पण घरी खरंच पाणी नव्हतं. बादली उचलली आणि पुलाचा चढ चढलो. पाणी हिंदकळून पायावर सांडत होतं, आणि सांडू नये म्हणून मी पाऊल जपून टाकत होतो.

मामीनं बादलीत वाकून बघितलं आणि विचारलं, “कोणाच्यातलं आणलंत?”

मी सांगितलं. तिनं त्यातलं निम्मं झाकून ठेवलं आणि उरलेल्यात चहा टाकला. तो आम्ही दोघं प्यालो.

तुझा मामा